यादीवरचा माझा भरवसा

एखाद्या प्राण्याचं नाव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये गेलं की त्याचं निम्मं संकट टळलं, असं मी बरीच वर्षं मानत आले. प्राणिशास्त्राच्या वर्गात तसंच शिकवलं, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात तसंच लिहिलं आणि बंदरावरच्या माणसांशी त्यावरून वादही घातले. आज ते मत माझं राहिलेलं नाही. मत बदललं की आपण ते कधी धरलंच नव्हतं असं दाखवायचा मोह होतो, म्हणून हे लिहून ठेवते आहे. मी ते धरलं होतं आणि विचार करून धरलं होतं. त्यामागची कारणं आजही मला पोरकट वाटत नाहीत.

ज्याच्यामुळे हे मत हललं तो मासा मी कोकणातल्या एकाही धक्क्यावर पाहिलेला नाही. शास्त्रीय नाव युरोजिम्नस ॲस्पेरिमस, इंग्रजीतलं नाव पोर्क्युपाइन रे. आपण त्याला काटेरी पाकट म्हणू.

किनाऱ्यावरच्या वाचकाला पाकट कसं असतं हे सांगायला नको. घाटावरच्यांसाठी थोडक्यात सांगते. पाकट हे मुशीचं, म्हणजे शार्कचं, भावंड. दोघांच्या अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा. पाकटाचे छातीचे पर डोक्याला जुळून त्यांची एक चपटी चकती होते आणि मागे चाबकासारखं शेपूट. त्या शेपटावर दातेरी काटा असतो, काट्याच्या खोबणीत विषारी पेशी असतात. जाळं वर आलं आणि त्यात पाकट दिसलं की जाणता खलाशी इतर मासळी निवडण्याआधी त्याची शेपटी तोडतो. काटा लागलेला माणूस ती कळ जन्मात विसरत नाही. हे विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने निकामी होतं. त्यामुळे सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून बसायचा जुना उपाय डॉक्टरही सांगतात.

काटेरी पाकटाकडे हा काटाच नाही. त्याच्या कुळात ही गोष्ट दुर्मीळ आहे. शेपूट सडपातळ, खाली-वर पराची झालर नाही आणि विषाचं हत्यारही नाही. त्याऐवजी सगळी पाठ चिलखती. बारीक, चपट्या, खवल्यांसारख्या दंतिकांचा दाट थर, आणि वय वाढत जातं तसे त्यातून उभे राहणारे टोकदार काटे. पिलांच्या पाठीवर ते कमी, मोठ्यांच्या पाठीवर भरपूर. चकती जवळजवळ गोल आणि मधोमध जाड. रुंदी एक मीटरच्या पुढे जाते, शेपटासह लांबी दोन मीटरच्या वर. वरून राखाडी, पोट पांढरं. हे कातडं इतकं चिवट आणि खरबरीत असतं की एके काळी ते ढालींवर मढवत, तलवारींच्या मुठींवर बसवत. घामेजलेल्या हातातूनही मूठ निसटू नये म्हणून.

त्याची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा झाली ती १८०१ साली. मार्कुस एलिझर ब्लॉख हे बर्लिनमधले डॉक्टर, माशांचे मोठे अभ्यासक. ते १७९९ मध्ये वारले आणि त्यांचं अपुरं काम योहान गॉटलोब श्नायडर यांनी पुरं करून प्रसिद्ध केलं. त्या ग्रंथात या माशाचं वर्णन आहे आणि ते एका वाळवलेल्या नमुन्यावरून केलेलं आहे. नमुना मुंबईचा. वर्गात हे सांगताना मला नेहमी जरा फुशारकी वाटायची. जगाला हा मासा आपल्या मुंबईने दाखवला! वाळवलेलं कातडं कुठल्या बंदरातून निघालं तेवढंच सांगतं, ते कुठल्या पाण्यात पोहत होतं हे सांगत नाही, हा विचार तेव्हा मनाला शिवला नव्हता. ढाली-मुठींसाठी ज्याचा व्यापार चालायचा असं ते कातडं. तांबड्या समुद्रापासून आफ्रिकेचा पूर्व किनारा, हिंदी महासागर आणि तिथून फिजी व उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत या माशाचा वावर आहे. नाव आणि गाव हाताशी असलं की आपल्याला त्या प्राण्याची ओळख पटल्यासारखं वाटतं. माझ्या यादीवरच्या भरवशाचं मूळही बहुधा याच सवयीत होतं.

आता २००१ सालाबद्दल. त्या वर्षीच्या जुलैमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक अधिसूचना काढली आणि मुशी, पाकटं, गिटारफिश अशा सगळ्या कूर्चामत्स्यांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये घातलं. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. देशभरच्या किनाऱ्यावर गदारोळ झाला. ज्या मुशीचं मटण मालवणात घरोघरी शिजतं ती मुशी पकडली म्हणून तुरुंगात जायचं का, असा साधा प्रश्न होता. डिसेंबरमध्ये सरकारने अधिसूचना बदलली. यादी आकसून दहा प्रजातींवर आली. त्यात व्हेल शार्क होता, करवत मासे होते, गंगेतली मुशी होती. आणि काटेरी पाकट होतं.

मी तेव्हा चिडले होते. सगळ्याच प्रजाती आत घेतल्या आणि पाच महिन्यांत दहावर आलात? माझं म्हणणं सरळ होतं. समुद्रातला मासा म्हणजे फक्त मासळी, त्याला वन्यजीव कुणी म्हणतच नाही. एकदा तो त्या यादीत गेला की निदान कागदावर तरी तो वाघ-बिबट्याच्या रांगेत बसतो. मग अधिकारी त्याचं नाव शिकतात, शाळांतून पोस्टर लागतात, पैसा येतो.

माझ्या बाजूने एक भक्कम उदाहरणही लवकरच उभं राहिलं. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची उघड शिकार चालायची. यादीत नाव आलं, २००४ पासून मोठी मोहीम चालली, रामकथाकार मोरारी बापूंनी त्या माशाला माहेरी बाळंतपणाला येणाऱ्या लेकीची उपमा दिली, आणि जे मच्छीमार त्याला गळ टाकून मारत होते तेच जाळी कापून त्याला सोडू लागले. आजवर शेकडो व्हेल शार्क असे सुटले आहेत. मी प्रत्येक व्याख्यानात हे सांगत असे. यादीने काय होतं म्हणता? हे होतं.

हे खरंच झालं होतं. पण कशामुळे झालं होतं ते मी नीट पाहिलं नव्हतं. व्हेल शार्क ओळखायला पुस्तक लागत नाही. तो बसइतका लांब, अंगभर ठिपके, वरच्या थरात पोहणारा, आणि जाळ्यात अडकला तरी बराच वेळ जिवंत. त्याला सोडायचं तर जाळं कापावं लागतं आणि ते कापलं हे दहा माणसांना दिसतं. यादी तिथे कामाला आली ती या सगळ्याच्या जोडीने. पाकटाच्या बाबतीत ही जोड कुठे होती?

हा प्रश्न मला एका होडीच्या तांडेलाने घातला. मी यादीतल्या माशांची चित्रं असलेली पत्रकं वाटत होते. त्याने पत्रक उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "बाई, चित्रातला मासा एकटा आहे, धुतलेला आहे आणि तुमच्याकडे तोंड करून आहे. आमच्याकडे तो येतो तेव्हा ट्रॉलच्या पिशवीच्या तळाशी असतो. वर मांदेली, म्हाकूळ, कोळंबी, चिखल. चार तास फरफटलेला. तो आम्हाला दिसतो तेव्हा मेलेला असतो. मग काय करू? पाण्यात टाकू की तुमच्या साहेबाला फोन करू?" मी म्हटलं, फोन करा. तो हसला. अनुसूची १ मधला प्राणी ज्याच्या होडीवर मेलेला सापडतो, तो माणूस फोन करत नाही. आणि त्याने फोन केला नाही की तो मासा तिथे होता ही नोंदही होत नाही. ज्या माशाचं संरक्षण करायचं त्याच्याबद्दलची माहिती, संरक्षणामुळेच, गप्प होते. हे मला त्या दिवशी आवडलं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं, एवढं मात्र खरं.

गंमत अशी की यादी ज्याच्यासाठी चालावी असं कुठलं पाकट असेल तर ते काटेरी पाकटच. एरवी पाकटांची ओळख हा तज्ज्ञांचाही डोकेदुखीचा विषय. गेल्या काही दशकांत त्यांचं वर्गीकरण इतक्यांदा उलटंपालटं झालं की मी विद्यार्थी म्हणून पाठ केलेली कितीतरी नावं आता चालत नाहीत. ठिपक्यांची आणि जाळीच्या नक्षीची पाकटं तर एकाच नावाखाली चार-चार प्रजातींची निघाली. पण काटेरी पाकट डोळे मिटून, हाताने ओळखता येतं. शिवाय त्याला विषारी काटा नाही, म्हणजे त्याला उचलून परत पाण्यात सोडण्यात जिवाची भीती नाही. जाड हातमोजे पुरेत. नाव आहे, ओळख सोपी आहे, सोडणं सोपं आहे, कायदा दोन दशकांहून अधिक जुना आहे. तरीही हा मासा वाढला, परतला, असं कुठूनही ऐकू येत नाही. जगभरात तो धोक्यात आलेल्यांमध्ये गणला जातो. जी यादी तिच्या सगळ्यात सोप्या विद्यार्थ्यालाही वर काढू शकत नाही, ती अवघड विद्यार्थ्यांचं काय करणार, असं मला वाटू लागलं.

मग मी त्याच्या शरीराकडे परत गेले. शिकवताना जे भराभर सांगून टाकायचे ते पुन्हा वाचलं. पाकटाचं प्रजनन मुळात कमी पिलांचं. सुरमईसारखा मासा लाखांनी अंडी पाण्यात सोडतो आणि त्यातली मूठभर जगली तरी त्याचं भागतं. पाकटाची मादी अंडी बाहेर टाकतच नाही. ती गर्भाशयातच उबतात. सुरुवातीला पिलं अंड्यातल्या बलकावर वाढतात आणि बलक संपला की गर्भाशयाच्या आतल्या बारीक तंतूंमधून पाझरणाऱ्या दाट, पौष्टिक स्रावावर. या स्रावाला शास्त्रज्ञ चक्क गर्भाशयाचं दूध म्हणतात. अशी थोडीच पिलं, महिनोन्‌महिने पोटात वाढवलेली, जन्मतःच आईबापांच्या घडणीची, पोहायला तयार. काटेरी पाकटाचा नर साधारण ९० सेंटिमीटर रुंद होतो तेव्हा वयात येतो, मादी जवळपास एक मीटरची होते तेव्हा. तेवढं वाढायला पुष्कळ वर्षं लागतात. म्हणजे मोठी मादी मारली गेली की तिची जागा भरायला पुढची पिढी लगेच तयार नसते.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती धक्क्यावर उभं राहिलेल्या पुष्कळांनी पाहिली आहे, अर्थ न कळता. जाळ्यातून काढलेली गाभण मादी फळीवर टाकली की तिची पिलं बाहेर पडतात. पाहणाऱ्याला वाटतं, बाळंतपणाची वेळ झाली होती. बऱ्याचदा तसं नसतं. पकडलं जाण्याच्या ताणाने मुशी आणि पाकटं अपुऱ्या दिवसांची पिलं टाकतात, आणि पाकटांत हे खूप दिसतं. म्हणून एखादी मादी जिवंत सोडली तरी ती रिकामी परत गेलेली असू शकते. सोडलेल्या माशांची संख्या मोजून आनंद मानणारी मी, हे कळल्यावर बराच वेळ अस्वस्थ होते. सोडणं चांगलंच आहे, पण ती पकडलीच न जाणं वेगळं. आणि ती पकडली जाते की नाही हे यादीवर ठरत नाही. ती कुठे आहे आणि तिथे कुठलं जाळं ओढलं जातं आहे, यावर ठरतं.

कुठे. हा शब्द माझ्या जुन्या व्याख्यानांत जवळजवळ नव्हताच.

काटेरी पाकट उथळ पाण्याचं जनावर आहे. किनाऱ्यालगतची वाळू, प्रवाळाचा चुरा, समुद्री गवताची कुरणं. खोली साधारण तीस मीटरपर्यंत. खाणं सगळं तळातलं: समुद्री किडे, कोळंबी, खेकडे, लहान मासे. खायला बसलं की ते तळ असा ढवळतं की गढूळ ढग उठतो. पाकटांनी उकरलेले खड्डे ओहोटीला वाळूवर स्पष्ट दिसतात, आणि दरवर्षी ती किती वाळू उलथीपालथी करतात याचे अभ्यास पश्चिम ऑस्ट्रेलियात निंगालू प्रवाळकिनाऱ्यावर झाले आहेत. तळातली माती अशी वर-खाली होत राहिली की तिच्यात प्राणवायू जातो, पोषक द्रव्यं मोकळी होतात. त्याच निंगालूच्या आडोशाच्या उथळ पाण्यात, कांदळवनाच्या एका लहान उपसागरात, काटेरी पाकटाची आणि इतर पाकटांची पिलं राहतात. त्यांच्या अंगावर ध्वनी-संकेत देणारी यंत्रं बसवून पाहिलं तेव्हा पिलं मोठ्या समुद्रात फारशी फिरत नाहीत, किनाऱ्याच्या थोडक्या पट्ट्यातच वावरतात असं दिसलं.

याच प्रजातीचं एक जवळचं नातलग, कांदळवनातलं पाकट, ग्रेट बॅरियर रीफवरच्या ऑर्फियस बेटाजवळ असंच अभ्यासलं गेलं. त्याची पिलं पाण्याबरोबर चालतात. भरती चढते तशी ती कांदळाच्या मुळांमध्ये शिरतात आणि तिथे पडून राहतात, कारण मुळांच्या गर्दीत मोठ्या मुशीला येता येत नाही. ओहोटी लागली की पाण्याबरोबर बाहेर, उथळ चिखलाच्या काठाने. पाणी आणि जमीन यांच्यामधली जी जागा आपण ना समुद्र मानतो ना जमीन, तीच त्यांची पहिल्या वर्षांची जागा.

हे सगळं ऑस्ट्रेलियातलं, आपल्याकडचं पाणी गढूळ, इथला चिखल वेगळा, इथली पाकटंही बहुतेक वेगळ्या प्रजातींची. मला ते मान्य आहे. पण लहान पिलू, उथळ पाणी, आडोसा आणि चढती-उतरती भरती हे गणित आमच्या खाड्यांनाही लागू पडतं, हे सांगायला मला परदेशी शोधनिबंध लागला, ही माझ्याच शिक्षणाची एक गोष्ट आहे. खाडीत पाग टाकणाऱ्या माणसाला लहान पाकटं कुठे असतात हे कायम ठाऊक होतं. मी त्याला नावं विचारत होते. जागा विचारल्याच नाहीत.

माझं मत खऱ्या अर्थाने फिरलं ते मात्र माशांमुळे फिरलं नाही. एका कागदामुळे फिरलं. एका खाडीकाठच्या बांधकामाचा पर्यावरण अहवाल माझ्या हाती आला. खाडीचं आणि कामाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अहवाल जाडजूड होता, नकाशे रंगीत होते. जिथे भराव पडणार होता त्या चिखलपट्ट्याबद्दल एक परिच्छेद होता. त्याचा आशय असा, की सर्वेक्षणात अनुसूची १ मधली एकही प्रजाती आढळली नाही. सबब जैवविविधतेवर लक्षणीय परिणाम संभवत नाही. सर्वेक्षण कधी केलं होतं? ओहोटीला. चिखलावर उतरता यावं म्हणून ओहोटीला. भरतीला येणारं पिलू ओहोटीला तिथे कसं सापडेल?

मी तो परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला, कारण त्यातलं तर्कशास्त्र माझंच होतं. ज्याचं नाव यादीत आहे तो महत्त्वाचा, हे मी इतकी वर्षं शिकवलं. त्याची दुसरी बाजू त्या सल्लागाराने अचूक उचलली होती: ज्याचं नाव यादीत नाही, किंवा यादीतलं जिथे दिसलं नाही, ती जागा बिनमहत्त्वाची. यादी म्हणजे एक परवानगीही असते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. रेशनकार्डावर नाव आहे, पण गावातलं दुकानच पाडलं, आणि पाडणारा म्हणतो की पाहणीच्या दिवशी रांगेत कुणीच उभं नव्हतं. तसला हा प्रकार.

तो चिखल रिकामा तर नव्हताच. पाकटाचे डोळे पाठीवर आणि तोंड पोटाखाली. जे खायचं ते त्याला दिसतच नाही. ते त्याला जाणवतं. चकतीच्या खालच्या बाजूला तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात, आत जेलीने भरलेल्या नळ्या. इटालियन वैद्य स्टेफानो लोरेन्झिनी यांनी १६७८ मध्येच त्यांचं वर्णन करून ठेवलं. त्या कशासाठी आहेत हे कळायला मात्र विसावं शतक उजाडलं. मातीत दडलेल्या प्रत्येक जिवाच्या स्नायूंतून विजेचे क्षीण प्रवाह निघत असतात आणि या नळ्यांना ते कळतात. आम्ही ज्याला ओसाड चिखल म्हणतो तो पाकटाच्या पिलाला पावलोपावली काहीतरी सांगत असतो. अहवाल लिहिणाऱ्याकडे असं इंद्रिय नव्हतं, हा त्याचा दोष म्हणता येणार नाही. पण त्याने भरतीची वाट पाहायला हवी होती.

तेव्हापासून माझं म्हणणं बदललं. पाकटासारख्या प्राण्याचं संरक्षण दोन गोष्टींवर उभं असतं: त्याची पहिली वर्षं जिथे जातात ती जागा शाबूत आहे का, आणि जाळ्यात आलंच तर ते जिवंत परत जातं का. यादीचा क्रमांक तिसरा.

हे मत सोयीचं नाही, हेही सांगायला हवं. यादी मागणं सोपं होतं. निवेदन दिल्लीला जायचं, शेजाऱ्याशी भांडण नसायचं. जागा मागायची म्हणजे ज्यांच्या घरी मी चहा पिते त्यांच्याशी भांडायचं. कुणाला तिथे धक्का हवा आहे, कुणाला खाडीकडेने रस्ता, कुणाला कोळंबीची तळी. आणि जागा राखायचा आपला अनुभवही काही गौरवाचा नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं. स्थानिकांचा विरोध पहिल्यापासून. कारण अभयारण्य म्हणजे आपल्याला आपल्याच पाण्यातून हुसकणं, असं त्यांना वाटलं, आणि त्यांना तसं वाटू नये असं काही फारसं कुणी केलं नाही. तेव्हा नकाशावर रेघ मारली की काम झालं, असा माझा नवा भाबडेपणा होऊ नये याचीही मला काळजी आहे. यादी कागदावरची असते तशी हद्दही कागदावरची असू शकते.

कायद्याबद्दलही माझं मत कडवट झालेलं नाही. महाराष्ट्रातली कांदळवनं आज बरी दिसतात ती मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशामुळे आणि २०१२ मध्ये स्थापन झालेल्या कांदळवन कक्षामुळे. २०२१ च्या वन सर्वेक्षणात राज्याची कांदळवनं ३२४ चौरस किलोमीटर भरली. इथे कायद्याने जागा धरली, म्हणून जागा राहिली. कांदळांच्या पुढच्या चिखलाचं नशीब तितकं बरं नाही. किनारा नियमनाच्या नियमांत 'जैविकदृष्ट्या सक्रिय' चिखलपट्ट्यांना सर्वांत कडक संरक्षण आहे, पण कुठला चिखल सक्रिय हे ठरवणार कोण आणि कधी, ओहोटीला की भरतीला? लढाई करायची तर आता मला त्या दोन शब्दांपाशी करायची आहे.

जिवंत सोडण्याच्या बाबतीतही एक गोष्ट इथेच सुरू झाली आणि ती माझ्या जुन्या मताला थोडा आधार देते. २०१८ च्या अखेरीपासून महाराष्ट्रात संरक्षित सागरी प्राणी जाळं कापून सोडला तर जाळ्याच्या नुकसानीपोटी जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई मिळू लागली. पुरावा म्हणून फोनवरचे फोटो चालतात. याचा परिणाम मी बंदरावर पाहिला आहे. जो माणूस गप्प राहायचा तो आता स्वतःहून व्हिडिओ दाखवतो. यादीचा उपयोग होतो तो असा: तिच्या मागे पैसा आणि विश्वास असेल तर. शिक्षा एकटी असेल तर ती फक्त तोंडं बंद करते. किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीत किंवा कमी वेळ लावलेल्या जाळ्यात पाकट पुष्कळदा जिवंत येतं. डोळ्यांमागच्या छिद्रांतून पाणी ओढून ते श्वास घेतं, चिवट असतं. चार तासांच्या ट्रॉलमध्ये ते चिवटपण उपयोगी पडत नाही. म्हणून आता मला माशांच्या नावांपेक्षा जाळ्यांची नावं आणि जाळं किती वेळ ओढलं हे जास्त विचारावंसं वाटतं.

राहिला माझ्या ताटाचा प्रश्न, जो विद्यार्थी मला हमखास विचारतात. पाकटाचं कालवण मी लहानपणापासून खात आले. आता मोठ्या पाकटाचा तुकडा घेत नाही, कारण ती गाभण मादी असण्याची शक्यता मला नको आहे. लहान मिळालं तर तेही घेत नाही. म्हणजे प्रत्यक्षात सोडलंच. पण मी सोडल्याने एकही पाकट वाचलेलं नाही, कारण ते माझ्यासाठी कुणी पकडत नव्हतं. कोळंबीबरोबर ते फुकट येतं. मला कोळंबी सोडवत नाही. या विसंगतीचं समर्थन माझ्याकडे नाही.

२०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या अनुसूची नव्याने मांडल्या गेल्या आणि संरक्षित मुशी-पाकटांची यादी आधीपेक्षा लांबली. जुन्या सहकाऱ्यांनी माझं अभिनंदन केलं, कारण मी हेच तर मागत होते. मी त्यांना म्हटलं, यादी राहू द्या. पण उद्या कुणी सगळीच पाकटं तिच्यात घालायची सही मागायला आलं, जशी २००१ मध्ये मी आनंदाने दिली असती, तर आज मी ती लगेच देणार नाही. त्याला आधी विचारीन, पिलं कुठल्या खाडीत असतात, तिथे कुठली जाळी लागतात, आणि जाळं कापणाऱ्याला भरपाई कोण देणार. आणि त्या खाडीत काही बांधायचं असेल, तर भरतीच्या वेळी केलेलं सर्वेक्षण माझ्यासमोर ठेवा, मग बोलू.